आत्याची चटई

गेल्या डिसेंबरात चार दिवस आत्याकडे हणजूणला गेले होते. तिच्या घराच्या माळ्यावर उंदरांनी उच्छाद मांडला होता. आत्याचे गुडघे आता शिडी चढू देत नाहीत, म्हणून मी वर गेले आणि एकेक वस्तू खाली देऊ लागले. तांब्याचं घंगाळ, मोडका पाळणा, आतोबांची मासे पकडायची जुनी जाळी, हात तुटलेल्या दोन खुर्च्या. सगळ्यात शेवटी कोपऱ्यात सुतळीनं बांधलेली एक गुंडाळी सापडली. खाली आणून सोडली तर चटई निघाली. एका टोकाला विडी-काडीनं पडलेली दोन भोकं, आणि मधोमध तळहाताएवढा शेंदरी डाग. पंचवीस वर्षं अंधारात पडून चटईचा मूळ रंग पार उडाला होता, पण तो डाग मात्र काल सांडल्यासारखा झगझगत होता.

"टाकून दे गो ती," आत्या म्हणाली. पण म्हणताना तिनं पदरानं चटईवरची धूळ झटकली.

तुम्ही म्हणाल, एका चटईचं एवढं काय? पण ही चटई म्हणजे आत्याचं दुकान होतं. आणि त्या डागाशी माझा फार जवळचा संबंध आहे.

आतोबा मासेमारीच्या ट्रॉलरवर कामाला होते. १९८९ मध्ये दोरात हात सापडून त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि ते घरी बसले. दोन मुलं, म्हातारी सासू, पावसाळ्यात गळणारं घर. शेजारची एक बाई हिवाळ्यात किनाऱ्यावर परदेशी लोकांच्या नाचाच्या पार्ट्यांत चहा विकायला जायची. तिच्याबरोबर आत्या एका पौर्णिमेच्या रात्री गेली आणि मग पुढची दहा-अकरा वर्षं जात राहिली.

या पार्ट्यांची कुठे जाहिरात नसे, तिकीट नसे. बातमी तोंडोतोंडी फिरायची. १९९६ च्या नाताळच्या सुट्टीत मी आत्याकडे आले होते, तेव्हा नऊ वर्षांची होते. संध्याकाळी एक पायलट दारावरून गेला. गोव्यात भाड्यानं मोटारसायकलवरून माणसं नेणाऱ्याला पायलट म्हणतात. त्यानं गाडी थांबवलीसुद्धा नाही, "आज वागातोरला" एवढंच ओरडून पुढे गेला. पाच मिनिटांत घराचं रूप पालटलं. स्टो, रॉकेलची बाटली, दोन मोठ्या किटल्या, काचेचे पेले, आलं, साखर, दुधाच्या पिशव्या, अंड्यांचा ट्रे, केळ्यांचा घड, बिस्किटांचे पुडे असं सगळं दोन टोपल्यांत भरलं गेलं. माझा मोठा आतेभाऊ पाण्याचे कॅन घेऊन पुढे निघाला. थोरल्या सासूबाई ओसरीवरून बडबडत राहिल्या. मी रडून हट्ट केला, म्हणून आत्यानं मलाही बरोबर घेतलं. "झोप आली की तिथेच आडवी हो. आणि घरी जाऊन दादाला सांगू नकोस," असं तिनं वाटेत बजावलं. दादा म्हणजे माझे बाबा.

वागातोरच्या किनाऱ्याजवळच्या उतारावर आम्ही पोचलो तेव्हा अजून नाचाचा पत्ता नव्हता. बायका मात्र येऊन बसल्या होत्या. प्रत्येकीची जागा ठरलेली. जागेवरून भांडणं होत, पण ती रात्री नऊपर्यंतच. नंतर एकमेकींना साखर उसनी देण्यापर्यंत सगळं सुरळीत. मैदानाच्या कडेनं वीस-पंचवीस चटया गोलाकार अंथरलेल्या आणि प्रत्येक चटईवर रॉकेलचा चिमणी दिवा. लांबून पाहिलं तर त्रिपुरी पौर्णिमेला देवळाच्या पायरीवर पणत्या लावाव्यात तसं दिसत होतं. मधली जागा काळोखी. नारळाच्या झाडांना मोठमोठे रंगवलेले पडदे बांधलेले होते. त्यांवर ॐ, शंकर, कसल्याशा नक्ष्या, भलेमोठे अळंबे. जनरेटर सुरू झाला, जांभळ्या उजेडाच्या नळ्या लागल्या आणि ते पडदे एकदम पेटल्यासारखे चमकू लागले. आमच्या सावंतवाडीच्या जत्रेत मी असं काही पाहिलं नव्हतं.

मग संगीत सुरू झालं. संगीत म्हणायला मला तेव्हा जड गेलं असतं. ना गाणारा दिसत होता, ना वाजवणारा. गाण्याला शब्द नव्हते. एकसारखा धम् धम् धम् ठोका, मिनिटाला एकशेचाळीसच्याही पुढे. तो कानातून नव्हे, चटईतून वर येऊन पोटात शिरायचा. त्या ठोक्यावर किड्यांच्या किरकिरीसारखे, पाण्याच्या बुडबुड्यांसारखे आवाज वर चढत, खाली येत. कधी मध्येच एखादा सूर असा यायचा, की आपल्याकडची सनई कोणीतरी पाण्याखाली वाजवतंय असं वाटावं.

नाचून दमलेले लोक चटईवर येऊन बसत. आत्याला ते "ममा" म्हणत. आत्याला इंग्रजी यायचं ते पंधरा-वीस शब्दांचं, त्यात तिचं सगळं भागायचं. 'शुगर?', 'नो फायर हिअर', 'यू स्लीप, आय लुक बॅग.' हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. माणसं चटईवर पिशव्या, पासपोर्ट, चपला टाकून खुशाल नाचायला जात, आणि आत्या त्यांवर नजर ठेवी. कोणी थंडीनं कुडकुडत आला तर त्याच्यावर स्वतःची शाल घाली. कोणी रडत असे, कोणी आपल्याशीच हसत असे. आत्या त्यांना गोड चहा देई आणि बसवून ठेवी. हे लोक शुद्धीत का नसतात, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. गांजा-चरसावर १९८५ च्या कायद्यानं बंदी आली तरी तिथे ते मिळत होतं, आणि नव्वदच्या दशकात त्याहून घातक गोळ्याही आल्या होत्या. आत्यानं हे माझ्यापासून कधी लपवलं नाही, पुढे मी मोठी झाल्यावर सगळं सांगितलं.

त्या रात्री एक गोरी मुलगी आमच्या चटईवर बसून लोकांच्या चेहऱ्यांवर नक्षी काढत होती. तिच्या रंगाची बाटली कलंडली. तोच हा डाग. ती ओशाळली, आपल्या ओढणीनं पुसायला लागली, आणि मग उरलेल्या रंगाचं बोट तिनं माझ्या कपाळावर टेकवलं. त्या जांभळ्या उजेडात माझी टिकली निखाऱ्यासारखी पेटली. मी इतकी खूश झाले, की तिनं माझ्या वेणीलाही थोडा रंग लावला. पहाटे कधी झोपले ते आठवत नाही. जाग आली तेव्हा ऊन वर आलं होतं, पोदेर सायकलवरून पाव घेऊन थेट मैदानातच आला होता, आणि आत्या एका तव्यावर एकामागून एक आमलेटं काढत होती.

कपाळावरचा रंग निघाला, वेणीतला निघाला नाही. दोन दिवसांनी सावंतवाडीला घरी गेले तेव्हा बाबांनी केसांत काय म्हणून विचारलं. आणि मी, नऊ वर्षांची शहाणी, आत्यानं बजावलेलं विसरून सगळं रंगवून सांगितलं.

बाबा शाळेत शिक्षक. गावात त्यांच्या शब्दाला मान. आपली बहीण रात्रभर नागड्या-उघड्या गोऱ्यांमध्ये चहाची किटली घेऊन बसते, हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं. ती 'हॉटेलवाल्यांना चहा-नाश्ता करून देते' असं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्यांनी आत्याला पत्र लिहिलं. त्यात काय होतं ते आईनंही कधी सांगितलं नाही. पुढच्या भाऊबीजेला बाबा हणजूणला गेले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. आत्यानं मात्र दोन्ही वर्षं ओवाळणीचं ताट तयार ठेवलं होतं, हे मला आतेभावाकडून कळलं.

आता थोडं त्या संगीताबद्दल. कारण मी पत्रकारितेत आल्यावर कुतूहल म्हणून शोध घेऊ लागले, तेव्हा त्या चटईपलीकडची गोष्ट मला कळत गेली, आणि ती मोठी गमतीची आहे.

हणजूण भागात १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हिप्पी येत होते. त्यांच्या सुरुवातीच्या नाचांत गिटार आणि रॉक संगीत असायचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लोराँ नावाच्या एका फ्रेंच माणसानं आणि त्याच्यासारख्या काहींनी कॅसेटवरून यंत्रांवर तयार केलेलं संगीत वाजवायला सुरुवात केली. गाण्यातले शब्द कापून काढायचे, ठेका आणि सूर तेवढे ठेवायचे, असा त्यांचा प्रकार. दुसरा मोठा माणूस म्हणजे गोवा गिल. खरं नाव गिल्बर्ट लेव्ही, जन्म १९५१, मूळचा कॅलिफोर्नियाचा. त्यानं इथे येऊन जुना आखाड्याची दीक्षा घेतली, जटा वाढवल्या, आणि रात्रभर संगीत वाजवून लोकांना नाचवणं हीच आपली साधना मानली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो गोव्यातच वारला. आत्या त्याला दुरून ओळखायची. "तो जटावाला बाबा" म्हणायची.

या वर्तुळातून जे अनेक गट निघाले त्यांतला एक होता 'द इन्फिनिटी प्रोजेक्ट'. गट म्हणजे माणसं मुळात दोनच. एक ग्रॅहम वुड आणि दुसरा राजाराम. नाव वाचून मी दचकलेच. आपल्याला राजाराम म्हटलं की छत्रपती आठवतात, नाहीतर शेजारचे राजारामकाका. पण हा राजाराम म्हणजे १९४१ मध्ये मेलबर्नला जन्मलेला रोनाल्ड रॉथफिल्ड, बासरीवादक. १९६९ मध्ये लंडनला 'क्विंटेसन्स' नावाचा वाद्यवृंद निघाला होता, त्यात तो बासरी वाजवायचा. त्यांतल्या काहींनी हिंदू नावं घेतली होती, त्यात याच्या वाट्याला राजाराम आलं. पुढे तो वाद्यवृंद विखुरला. आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गोव्याच्या नाचांचं वेड घेऊन हा माणूस पुन्हा संगीताकडे वळला. त्याच्या गटाचा सगळ्यात बहराचा काळ १९९५ चा. म्हणजे तेव्हा राजाराम चौपन्न वर्षांचा होता! ज्या वयात आपल्याकडे माणसं फंडाचा हिशेब करत बसतात, त्या वयात हा गृहस्थ विशीतल्या पोरांना पहाटेपर्यंत नाचवत होता.

त्यांची कामाची पद्धतही ऐकण्यासारखी. संगीत तयार व्हायचं लंडनच्या स्टुडिओत. सिंथेसायझर, कॉम्प्युटर, आणि रोलंड या जपानी कंपनीचं टीबी ३०३ नावाचं एक छोटं यंत्र, हा या प्रकारच्या संगीताचा सरंजाम. ते यंत्र १९८१ मध्ये बाजारात आलं ते बेस गिटारची नक्कल करण्यासाठी. नक्कल काही जमली नाही, खप झाला नाही, आणि १९८४ मध्ये उत्पादन बंद पडलं. मग जुन्या बाजारात पडेल किमतीला मिळणारी ही यंत्रं हौशी पोरांनी उचलली, त्यांची बटणं वेडीवाकडी फिरवली, आणि त्यातून जो चिरचिरता, वळवळता आवाज निघाला तो साऱ्या जगाच्या नाचाच्या संगीतात शिरला. मी लहानपणी ऐकलेली ती किड्यांची किरकिर म्हणजे हाच आवाज. साउंड इंजिनिअर म्हणून त्यांच्याबरोबर सायमन पॉसफर्ड नावाचा विशीतला एक मुलगा काम करायचा. पुढे 'हॅल्युसिनोजेन' या नावानं तो स्वतःच मोठा झाला.

तयार झालेलं संगीत दुकानात जाण्याआधी डॅटवर भरून हातोहात फिरायचं. डॅट म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, नेहमीच्या कॅसेटपेक्षा छोटी. १९८७ पासून ती बाजारात होती. युरोपातल्या क्लबांत तेव्हा तबकड्या वाजवत, पण हणजूणच्या उन्हात आणि धुळीत तबकडी टिकते कुठली? ती वाकते. शिवाय डॅटवरून डॅटवर कितीही नकला काढा, आवाज तसाच. त्यामुळे लंडनला डिसेंबरात तयार झालेली रचना नाताळाला वागातोरच्या मैदानावर वाजू शकत होती, आणि ती जगात दुसरीकडे कुठेच मिळत नसे. पण डॅटची गती कमी-जास्त करता येत नाही, म्हणून एका रचनेचा ठोका दुसरीशी जुळवून घेणं अवघड. त्यावर उपाय म्हणून रचनेच्या सुरुवातीला आणि शेवटी ठोका नसलेला लांबलचक भाग ठेवत. त्या भागात एक संपून दुसरी कधी सुरू झाली ते नाचणाऱ्याला कळतही नसे.

१९९४ मध्ये राजाराम, ग्रॅहम वुड आणि इयन सेंट पॉल यांनी ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली. गटाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं घेऊन तिचं नाव ठेवलं 'टिप'. (आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "टिप तर आम्हाला पण मिळायची, कधी कधी.") त्याच वर्षीच्या डिसेंबरात पॉल ओकनफोल्ड या बड्या डीजेनं बीबीसी रेडिओ वनवर गोव्याच्या धर्तीचं दोन तासांचं संगीत वाजवलं. 'गोवा मिक्स' या नावानं ते गाजलं, आणि किनाऱ्यावरचं हे गुपित घराघरात पोचलं. १९९५ मध्ये इन्फिनिटी प्रोजेक्टच्या 'मिस्टिकल एक्सपिरियन्सेस' आणि 'फीलिंग वीअर्ड' या ध्वनिमुद्रिका आल्या. ही त्या गटाची चढती कमान.

उतरण लगेचच लागली. गोवा हे नाव खपतं म्हटल्यावर युरोपातल्या दुकानांत 'गोवा' छापलेल्या सीडींचा पूर आला. त्यांतल्या कित्येकांनी गोवा पाहिलासुद्धा नसेल. सगळं एकसारखं वाजू लागलं. खरे दर्दी कंटाळून बाजूला झाले, नव्या पिढीनं वेगळी वाट धरली, इस्रायल, पोर्तुगाल असे नवे मुलूख त्या संगीताला मिळाले. दशक संपण्याआधी टिप रेकॉर्ड्स पहिल्या रूपात बंद पडली आणि राजारामनं नव्या नावानं पुन्हा घडी बसवली. इन्फिनिटी प्रोजेक्ट मात्र मागेच राहिला. राजाराम आणि पॉसफर्ड यांनी 'शपाँगल' नावाचा दुसरा गट काढला, १९९८ मध्ये त्याची पहिली ध्वनिमुद्रिका आली. त्या गटाच्या जन्मामागे त्या दोघांनी भारतात पाहिलेलं खग्रास सूर्यग्रहण होतं. २४ ऑक्टोबर १९९५ चं, ऐन दिवाळीतलं. त्या दिवशी आमच्या घरी दारं-खिडक्या बंद करून आम्हाला कोंडून ठेवलं होतं, आणि हे दोघे परदेशाहून येऊन आपला सूर्य बघत होते.

हे सगळं आता पुस्तकांत आहे, माहितीपटांत आहे. कोणी कोणत्या वर्षी कोणती डॅट वाजवली याचे वाद घालणारे लोक जगभर आहेत. अरुण साल्दान्हा या अभ्यासकानं २००७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात हणजूणच्या नाचात गोरे आणि बाकीचे कसे वेगवेगळे पडत, हे नेमकं दाखवलं आहे. मला ते वाचताना आमच्या चटयांचं कडं आठवत होतं. मधल्या जागेत आत्या दहा-अकरा वर्षांत एकदाही गेली नाही. "आपण कशाला जायचं मध्ये?" तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

आमच्या गावचा शेवट कायद्यानं झाला. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारनं ध्वनिप्रदूषणाचे नियम लागू केले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ही बंदी उचलून धरली. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. रात्ररात्र तो ठोका गावात घुमत असे, आजारी माणसांचे हाल होत, परीक्षेची मुलं कानात कापूस घालून अभ्यास करत. खुद्द आत्याच्या सासूबाई "माझं मरण या धमधमाटात येणार" म्हणत होत्या, आणि ऐन पार्टीच्या मोसमातच गेल्या. पण ज्या नाचाला रात्रीशिवाय अर्थ नाही, तो रात्री दहाला कसा संपवणार? एक-दोन मोसम चोरून-मारून पार्ट्या झाल्या. मग नाच भिंतींच्या आत गेला. तिथे स्वतःचे बार, स्वतःचे वेटर, दारावर धिप्पाड माणसं. २००७ मध्ये कांदोळीला सनबर्न सुरू झालं. चटईवर चहा विकणाऱ्या बाईला तिथे कोण आत सोडणार!

आत्यानं चटई गुंडाळून माळ्यावर टाकली. मिळालेल्या पैशांतून तिनं घराची कौलं बदलली होती, थोरल्याला आय.टी.आय. केलं होतं, आणि पोस्टात थोडे पैसे घातले होते. मग मागच्या अंगणात दोन खोल्या बांधून तिनं भाड्यानं दिल्या. त्यावर संसार निभावला. बाबांचा अबोलाही हळूहळू सुटला. आतोबा गेले तेव्हा बाबा आले, रात्रभर बसले, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा जाऊ लागले. चहाचा विषय दोघांनीही काढला नाही.

२००८ मध्ये मला पुण्यात पत्रकारितेच्या पदविकेला प्रवेश मिळाला. फी, खोलीचं भाडं, खाणावळ. बाबांच्या पगारात बसत नव्हतं, धाकट्या भावाचं शिक्षण डोक्यावर होतं. आत्या एक दिवस सावंतवाडीला आली, किसान विकास पत्रं मोडून आणलेले पैसे पिशवीतून काढले आणि देवासमोर ठेवले. ते पैसे कशाचे हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. ते उठून बाहेर ओटीवर गेले. बऱ्याच वेळानं आत आले आणि आईला म्हणाले, "तिला जेवून जायला सांग." म्हणजे पैसे घेतले.

आणि आता जे सांगायचं आहे ते सांगते.

२०१२ मध्ये मी पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होते. रविवारच्या पुरवणीसाठी गोव्यातल्या नशेच्या पार्ट्यांवर लेख निघाला. बातमीदारानं पाठवलेला मजकूर कोरडा होता. वरिष्ठ म्हणाले, तुझे नातेवाईक तिकडे आहेत ना, जरा पूर्वीचं चित्र घाल. मी दहा मिनिटांत एक परिच्छेद लिहिला. नारळाची झाडं, जांभळा उजेड, चिमण्यांचं कडं, सगळं आलं. आणि त्यात एक वाक्य लिहिलं, की चहाच्या नावाखाली स्थानिक बायका काय काय विकत होत्या, याकडे सगळ्यांनीच काणाडोळा केला. वाक्य झोकात उतरलं होतं. वरिष्ठांनी ते चौकटीत मोठ्या टाइपात घेतलं.

मी ते का लिहिलं? असं काही मी पाहिलं होतं का? नव्हतं. कोणी सांगितलं होतं का? तसंही नाही. लेखाला धार यावी म्हणून लिहिलं, एवढंच खरं. आणि लिहिताना आत्या माझ्या डोळ्यांसमोर आलीच नाही. 'स्थानिक बायका' असं लिहिलं की त्यात आपली आत्या येत नाही, ही शब्दांची करामत मला त्या दिवशी कळली नव्हती.

त्या वर्षी गणपतीला हणजूणला गेले. आरती झाली, जेवणं झाली. मागच्या पडवीत आम्ही दोघी भांडी पुसत होतो. आत्या मराठी वर्तमानपत्र रोज वाचते, आणि माझा मजकूर कुठे आला की आतेभाऊ तिला आणून देतो, हे मला माहीत होतं. तरी मी बेसावध होते. ताट पुसता पुसता तिनं विचारलं, "चहाच्या नावाखाली काय विकत होतो गो आम्ही?"

आवाज चढलेला नव्हता. खरोखर माहिती विचारावी तसं विचारलं तिनं. मी काहीतरी पुटपुटले, सगळ्यांबद्दल नव्हतं, तुझ्याबद्दल तर नव्हतंच. ती म्हणाली, "होत्या एक-दोघी. त्यांच्या चटईवर आम्ही दिवासुद्धा पेटवायला जात नव्हतो. ते लिहायचं होतंस. मला विचारलं असतंस तर नावानिशी सांगितलं असतं." आणि पुसलेली ताटं उचलून आत गेली. त्यानंतर त्यावर ती कधी बोलली नाही. मी माफी मागितली का? मागितली, दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर. तिनं माझ्या हातात नेवऱ्यांचा डबा दिला आणि "पोचलीस की फोन कर" म्हणाली. दैनिकात मी खुलासा छापला नाही. तसा प्रस्ताव घेऊन वरिष्ठांकडे जाण्याचंही धाडस केलं नाही.

म्हणून गेल्या डिसेंबरात ती चटई खाली आली तेव्हा मी वही काढली. आता विचारून लिहिते, म्हटलं. आत्या हसली. तीन संध्याकाळ ती सांगत होती आणि मी लिहून घेत होते. एका चांगल्या रात्री दीडशे-दोनशे चहा जात. सुरुवातीला दोन रुपये, शेवटी शेवटी पाच. पहाटे अंडी कधीच पुरत नसत. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात वर्षाची निम्मी कमाई. पैसे न देता गेलेले बरेच, पण दुसऱ्या वर्षी येऊन आठवणीनं दिलेलेही होते. एक जर्मन मुलगा तिच्याकडे चपला ठेवून गेला तो परत आलाच नाही. त्या चपला तिनं दोन मोसम जपून ठेवल्या होत्या.

शेवटच्या संध्याकाळी मी मोबाइलवर इन्फिनिटी प्रोजेक्ट शोधून काढलं. आधी एक जलद रचना लावली. ठोका सुरू झाला तशी आत्यानं नाक मुरडलं, "हे मध्यरात्रीचं. यावेळी कोणी चहाला येत नाही. पाणी तेवढं मागतात." मी चाट पडले. आत्याला ना गटाचं नाव माहीत, ना यंत्राचं. पण रात्रीचं गडद, टोचणारं संगीत वेगळं आणि उजाडताना वाजायचं ते मोकळं, सुरेल संगीत वेगळं, हा भेद त्या संगीताचे जाणकार फार मोठा मानतात. तो आत्याला स्टोच्या हिशेबानं पाठ होता.

मग मी 'मिस्टिकल एक्सपिरियन्सेस'मधला एक संथ तुकडा लावला. आत्यानं मान जरा कलती केली. बराच वेळ ऐकत राहिली. बाहेर कोणाच्या तरी स्कूटरचा आवाज आला आणि गेला.

"हे सकाळचं," ती म्हणाली. "ऊन त्या डोंगरीवर आल्यावरचं. हे लागलं की दहा मिनिटांत सगळे येऊन बसायचे." आणि गुडघ्यांवर हात टेकून उठत म्हणाली, "थांब, आधण ठेवते."